दहापैकी

पेझलीत, लाँड्रीच्या वरची खोली.
रात्रीचे अडीच, खाली एकच ड्रायर गरगरतोय,
आणि मी वीस वर्षं जुन्या खेळाच्या
नव्या पुरवणीला गुण द्यायला बसलेय.
मॉर्वेनला सकाळी आकडा हवा.

तर, बेट देखणं. पाण्यात चंद्र हलतो,
पूर्वी नुसता चिकटवलेला असायचा.
चेटकिणीला गुडघे आलेत.
नावाडी मात्र ताकाला येऊन भांडं लपवतो;
पूर्वी म्हणायचा, "बस. दोन नाणी."

आज चौथा दिवस.
नव्याचे नऊ सरायचेत अजून,
म्हणून हात आखडता: सात.

मग उत्तरेचा दरवाजा उघडला.
तोच. बाराव्या वर्षी
ज्याच्यावर मी चौदा तलवारी मोडल्या,
ज्याच्यामागे, निरंजनदादा गळ्याची शपथ घेऊन सांगायचा,
अख्खं शहर झोपलंय,
आणि एकाच खिडकीत दिवा.

आत कोठार.
तीन पिंपं, एक उंदीर.

दादा आता स्विंडनला असतो, विम्यात.
फोन उचलला, ठेवला.

बाहेर आले. दार ओढून घेतलं.
पूर्वी ते नुसतंच बंद असायचं,
आता बंद करता येतं.

आठ.