पाव फेरा

डोंगरावरच्या स्लेटच्या खाणीचं वर्कशॉप मोडलं
तेव्हा मेउरिगने हे लेथ आणलं, भंगाराच्या भावात,
चौघांनी मिळून, बटाट्याच्या ट्रेलरवरून.
"शेडमध्ये मावेल?" एलुनेदने विचारलं.
मावलं. सायकली बाहेर गेल्या.

पहिला हिवाळा नुसता गंज काढण्यात.
रॉकेल, पितळी ब्रश, फाटके बनियन.
हिरव्या रंगाखाली करडा, करड्याखाली परत हिरवा,
आणि गिअरच्या झाकणाच्या आतल्या अंगाला
खिळ्याने कोरलेलं, वेल्शमध्ये:
चहा गार झाला.

नाव नाही. साल नाही.

बेड चकपाशीच झिजलेला, दोन केसांइतका.
म्हणजे जो कोण होता
त्याने जन्मभर आखूडच कामं केली,
पिना, बोल्ट, वाघिणींच्या चाकांचे बुश.
लांब शाफ्ट कधी आलाच नाही वाट्याला.

निळा लावायचा, टेकवायचं, खरवडायचं, पुसायचं.
पुन्हा निळा.
एप्रिलपर्यंत मेउरिगच्या उशीवरसुद्धा निळा.

आता सगळं ओळंब्यात आहे.
फक्त आडव्या स्लाइडचं हँडल
पाव फेरा रिकामंच फिरतं, मग पकडतं.
नवा गनमेटलचा नट कधीचा तयार आहे,
बिस्किटांच्या डब्यात, तेलकट कागदात.

काल एलुनेदच्या शिलाई मशीनची पिन करताना
हात पाव फेरा आपसूक पुढे गेला
आणि बरोबर थांबला.
त्याने डबा परत फळीवर सरकवला.

घरातून हाक आली. मग दुसरी.
"आलोच," तो म्हणाला,
आणि आणखी एक काप घेतला.