दऱ्या, दर्या

उद्यमबागेतल्या कॉलेजचा हॉल, इतका गार
की मी खुर्चीवरच पदर अंगभर ओढून घेतला.
गळ्यात बिल्ला. कन्नडात हेमावती, इंग्रजीत हेमवती,
मराठीत नुसतीच हेमा. जागा संपली म्हणे.

मंचावरचे गृहस्थ सांगत होते,
फाइल अशी असावी की कुणाच्याही घरी उघडावी.
मागून कुणीतरी पुटपुटलं,
आमच्याकडं माणसं तरी कुठं उघडतात, की.

पर्समधला पेन ड्राइव्ह मी चाचपला.
सोळा वर्षांची इतिवृत्तं, खानापूरच्या कौल सोसायटीची.
एक परिच्छेद मराठी, माझा.
खाली कन्नड, ईरण्णा हुक्केरींचा.
कीबोर्ड एक, पंखा एक.
फॉन्ट विकणारी कंपनी बुडाली,
मग ईरण्णाही गेले.
आता उघडलं की चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच एखादा डॉलर;
भट्टीत तडकलेला माल.

जेवणात कुंदा होता.
समोर धारवाडची भुवना अंगडी.
ताट सरकवून तिनं बोटं पुसली,
कोडरी, म्हणाली, बघू तरी.
हा आकडा म्हणजे क, हा म्हणजे वेलांटी,
असं करत करत
मराठी आधी उगवली. कन्नड मागून.

एकच चुकलं.
मी लिहिलेलं, मातीच्या खाणीपलीकडच्या दऱ्या.
पडद्यावर आलं, दर्या.
अगं, आमच्याकडं समुद्र नाही.
हा र डोक्यावर चढत नाही,
शेजारच्याला टेकून बसतो.
फरक मोठा आहे का, तिनं विचारलं.
एकीत पडतो माणूस,
दुसऱ्यात बुडतो.
तिनं वहीत लिहून घेतलं, गंभीरपणे.

दुपारी ठराव मंजूर झाले. मी ऐकले नाहीत.
कन्नड मला बोलता येतं, वाचताना ठेच लागते,
म्हणून भुवना वाचत होती, हळू आवाजात:
सभासद उपस्थित अकरा.
माती महागली.
चहाचे पैसे आजही हेमाबाईंनी दिले,
पुढच्या वेळी मी देईन.

हे इतिवृत्तात कशाला, ती हसली.
मला काय ठाऊक.
सोळा वर्षं शेजारी बसले,
त्यांचा परिच्छेद कधी वाचलाच नव्हता.
माझ्या परिच्छेदाखाली सुरू व्हायचा तो,
मी तोवर पिशवी आवरायला घेतलेली असायची.

बसस्टँडवर खानापूरची गाडी लागायची होती.
चहावाला म्हणाला, सुटे नाहीत, बाई.
राहू दे, मी म्हटलं,
पुढच्या वेळी.