विभागीय वृत्त

पत्रिकेत मला दोनच ओळी मिळाल्यात:
आर्डिस टोलेफसन यांनी विभागप्रमुखपद सोडले.
एक जुलैपासून ज्युवेल ब्रॉडनॅक्स सूत्रे हाती घेतील.

सूत्रे म्हणजे सफरचंदांचं एक खोकं.
त्यात मिनेसोटापासून मोंटानापर्यंतचे
एकशे बारा ऑर्गनवादक, एकेका कार्डावर,
पेन्सिलीनं.
माणसं मरतात, आर्डिस म्हणायची, आणि शाई खोडता येत नाही.
कार्डांच्या मागे तिचं मुंगीएवढं अक्षर:
उजवा गुडघा गेलाय, पायपट्ट्या टाळतो.
लग्नं घेते, अंत्यविधी नको म्हणते.
बायको गेल्यापासून सगळंच संथ वाजवतो. काही बोलू नये.

एकोणीस वर्षं शनिवारी रात्री तिचा फोन वाजायचा.
कुठल्याशा गावात कुणी बर्फावरून घसरलेलं, मनगट सुजलेलं,
आणि सकाळी नऊला प्रार्थना.
ती यादी काढायची, तीन फोन करायची,
चौथा न करता स्वतःच गाडी काढायची.
उणे अठ्ठावीस. रस्त्याला ना वळण ना झाड.
शेजारच्या सीटवर वाजवायचे बूट, पातळ तळव्यांचे,
ज्यांनी जमीन कधी पाहिली नाही.

निवडणूक वगैरे काही झाली नाही.
एप्रिलमध्ये आम्ही चौदा जण बिस्मार्कच्या चर्चमध्ये जमलो.
कोण घेतंय, असं आर्डिसनं विचारलं,
आणि आम्ही सगळे आपापल्या कॉफीत बघत बसलो.
नेमकी तेव्हाच काळी चार अडकली.
खर्जातली, सोळा फुटी नळी,
कुणी हात लावला नसताना एकटीच गुरगुरायला लागली.
खिडक्यांच्या काचा थरथरल्या.
पाद्रीबाई म्हणाल्या, वीज बंद करू का?
म्हाताऱ्या हर्बनं दट्ट्ये ओढून पाहिले, ढकलून पाहिले,
मग एक शिवी दिली, चर्चमध्ये.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.
शाळेची बस चालवते, शनिवारी कॅथलिकांकडे वाजवते,
रविवारी मेथडिस्टांकडे, एवढंच आम्हाला ठाऊक.
भात्याशेजारच्या बुटक्या दारातून ती रांगत आत गेली.
बराच वेळ नुसता तिचा कंदील हलताना दिसत होता.
मग सूर थांबला.
अशी शांतता, की हर्बच्या कानातल्या यंत्राची शीळ ऐकू आली.
ती बाहेर आली तेव्हा केसांत जळमटं
आणि तळहातावर चामड्याचा एक कुजका तुकडा.
उंदीर, ती म्हणाली. याला शनिवारपर्यंत पाहुणा ठेवू नका.

हर्बनं नाव सुचवलं. कुणी अनुमोदन दिलं आठवत नाही,
बहुतेक सगळ्यांनीच.

आर्डिसनं तिला खोकं दिलं.
रबर लावलेला एक वेगळा गठ्ठा होता, तोही दिला:
बंद पडलेली चर्चं, विकलेले ऑर्गन,
एका ठिकाणच्या नळ्यांचं कुणी कुंपण केलंय.
हे कशाला, असं ज्युवेलनं विचारलं नाही.
बूट मात्र तिला झाले नाहीत.
बरं झालं, आर्डिस म्हणाली, तुझे तू आण.

त्या खोक्यात माझंही कार्ड आहे.
सहा वर्षं मी वाजवलेलं नाही, नुसतं सचिवपद सांभाळतो.
मोजणी करताना ते हातात आलं होतं.
उलटं करून बघितलं नाही.

काल शनिवार. अकराला दहा कमी.
फोनवर ज्युवेल. उद्या नऊला, जेम्सटाउनला, जमेल?
मी बोटांचं सांगितलं. डोळ्यांचं सांगितलं.
ती काही बोलली नाही. फोन ठेवलाही नाही.
वायपर फिरत असल्याचा आवाज येत होता,
म्हणजे ती कुठेतरी रस्त्याकडेला थांबली होती.
मी अजून काहीबाही सांगितलं.
ती थांबूनच राहिली.

माझ्या कार्डामागे काय लिहिलंय
ते मला तेव्हा कळलं.

बूट कपाटात वरच होते.