वीस किलोंच्या खालचं

पोपोंडेटाच्या तेलगिरणीत
ट्रकांचा काटा दुरुस्त करायला गेलो होतो.
डोर्कस एंबोगो पामच्या घडांवर बसून आली,
आणि उतरल्या उतरल्या विचारलं काय, तर
'हा खोटं बोलतो ना? आम्हाला माहीत आहे.'

रविवारी तिने मला रान दाखवलं.
रान म्हणजे उरलं होतं ते:
पामच्या रांगा, कवायतीला उभ्या केलेल्या,
आणि त्या संपतात तिथे, ओढ्याच्या कडेने,
एक नऊवारी वाळत घालावी एवढा पट्टा.
त्यात एक वेल क्विलाच्या झाडावर चढलेली.
पान बघून म्हटलं, ही तर आपली सापसण!
जवळ गेलो. नव्हे. तिची लांबची मावसबहीण,
कधी कुणाच्या लग्नाला न आलेली.

'हिचंच पान. दुसरं तोंडात धरत नाही,'
म्हणत डोर्कसने एक पान उलटं केलं.
अंडं. एकच. ज्वारीच्या दाण्याएवढं,
नारिंगी डिंकाने चिकटवलेलं.
आई घालते आणि निघून जाते.
मुंग्यांना सापडलं नाही तर अळी बाहेर येते,
आधी आपलं घर खाते,
मग वेल.
काळी कुळकुळीत, अंगभर लाल काटे
(हा काटा माझ्या धंद्यातला नव्हे),
पाठीच्या मध्यावर सायीच्या रंगाचं खोगीर,
ज्यावर कुणी कधी बसणार नाही.
वेलीचं विष ती पोटात साठवते.
शेवटी दांडाच कुरतडून टाकते,
जेवण झाल्यावर ताट पालथं घालावं तशी,
आणि रेशमाचा एक दोर कमरेला बांधून
गप्प होते. महिनाभर, वर काही दिवस.

'आणि नर?'
'दिसायला बरा,' एवढंच म्हणाली.
(नंतर मी पाहिला. मोरकंठी. बरा?)
क्विला फुलला की सकाळी सगळे इथे घिरट्या घालतात;
जो फुलावर जाऊन आला नाही
त्याच्याकडे मादी ढुंकून बघत नाही.
'क्विला तोडला की मांडवच मोडला.'
'क्विलाच्या लाकडाला किती किना मिळतात
ते पण सांग पाहुण्याला,' मागून तिचा भाऊ, गिब्सन.
त्याला या पट्ट्यात आणखी दोन रांगा लावायच्या होत्या.
तीन मुलं, शाळेची फी.
तोही खोटं बोलत नव्हता.

शंभरेक वर्षांपूर्वी कुणा परक्याने
ही मादी बंदुकीने पाडली होती म्हणे, पाखरू समजून.
पंखातली भोकं अजून आहेत,
दूर कुठल्या तरी देशात, काचेखाली.
मग डोंगर फुटला. त्या राखेत
डोर्कसच्या आईचं माहेर गेलं, आणि किती वेली,
त्या कुणी मोजल्या नाहीत.

मंगळवारी अंधारातच निरोप आला.
कोष उकलला होता, ती खाली लटकत होती
न पिळलेल्या धुण्यासारखी.
तासाभराने पंख भरत आले:
काथाचा रंग, त्यावर दुधी ठिपके,
छातीला लाल लव, पोट हळदीचं.
न शिवता वीत धरली. एक वीत, वर दोन बोटं.
रस्त्यावर ट्रकने हॉर्न दिला, थांबला, गेला.
डोर्कसचे घड तिथेच राहिले, पुढच्या खेपेपर्यंत.

'हिचं वजन किती भरेल रे?'
माझा काटा वीस-वीस किलोंच्या पायऱ्यांनी चढतो.
त्याखालचं त्याला काही कळत नाही.
'शून्य,' म्हटलं.
ती इतकी हसली की गिब्सन धावत आला,
हातात कोयता,
आणि नेमकी तेव्हाच ती उठली,
घाई नाही, फडफड नाही,
पामच्या शेंड्यांवरून, उन्हात, पलीकडे.
तिघेही मान वर करून.
अजून तीन महिने तिच्याकडे, फार तर.
गिब्सनने कोयता खाली ठेवला का, ते मी पाहिलं नाही.

दुपारी प्रमाणपत्रावर लिहिलं: काटा अचूक आहे.
सही करताना पेन कोरडं पडलं.
डोर्कसने आपलं दिलं.