निव्वळ वजन

खाण बंद पडली तेव्हा
वजनकाट्याच्या केबिनमधलं सामान भंगारवाल्यानं नेलं.
मी टेबलाचा ड्रॉवर तेवढा मागून घेतला.
कशाला, ते सुगंधानं विचारलं नाही.
चार वर्षं तो न्हाणीवरच्या माळ्यावर पडून होता,
कोपऱ्यात शिक्क्याची जांभळी शाई वाळलेली,
तळाला लाल माती.

यंदा मिंगेल सुतारानं त्याला फळीचं तोंड बसवलं,
तोंडाला आडवं भोक, दोन बोटं जातील एवढं,
आणि परसाच्या बाजूला वळचणीखाली ठोकला.
‘चिमण्यो येतल्यो,’ म्हणाला.

आल्या पाकोळ्या.

काळ्या, कंबरेला पांढरा पट्टा.
वाऱ्यावर आलेलं कोंबडीचं पीस वाऱ्यावरच धरायचं
आणि थुंकीनं चिकटवायचं.
जमिनीवर उतरणं नाही, फांदीवर बसणं नाही.
मी इतकी वर्षं आभाळ बघितलंच नव्हतं बहुतेक;
काट्यावरचा माणूस चाकं बघतो.

जुनं रजिस्टर काढलं.
रकाने छापलेलेच होते:
गाडी नंबर, आत, बाहेर, भरलेलं, रिकामं, निव्वळ.
नंबरखाली लिहिलं ‘नर’, पुढं प्रश्नचिन्ह.
सहा दहा, आत. सहा अकरा, बाहेर.
सहा बत्तीस, आत, गळ्याशी फुगवटा,
चिलटांची एवढी मोठी गोळी.
ओव्हरलोड. तरी अडवली नाही.

ड्रॉवरमध्ये काय चाललंय ते दिसत नसे,
ऐकू यायचं फक्त, बारीक,
बिजागरीला तेल हवं असल्यासारखं.
दिवसाला एकवीस ट्रिपा. मग चोवीस.
तेजीच्या दिवसांत काट्यावरून नऊशे गाड्या जायच्या;
पोरगा तेव्हा शाळेत,
जेवायला बसला की आधी ताट फुंकायचा.
आता कतारला असतो. फोनवर विचारतो,
बाबा, काय करता दिवसभर?
ट्रिपा मोजतो, म्हणतो मी.
तो गप्प होतो. आईला द्या म्हणतो.

काजूची बोंडं संपत आली, हवेचा वास आंबूस झाला,
त्या आठवड्यात एक पिल्लू खाली पडलं
अनंताच्या कुंडीमागं.
पंख पसरून पालथं, उलटलेली होडीच.
मिंगेल वाकून बघत राहिला:
‘पांय खंय आसात हाचे, पात्रांव?’
होते. पिसांत बुडालेले,
चार बोटं, चारही पुढं वळलेली,
माझ्या शर्टाला धरली ती सोडवेनात.

सुगंधा शेजारच्या शेटांकडून सोनं तोलायचा काटा घेऊन आली.
मी सांगितलं नव्हतं.
पिल्लू थरथरत होतं, आकडा ठरेना.
चोवीस. पंचवीस. चोवीस पूर्णांक आठ.
दहा-दहा टनांच्या पावत्यांवर मी न बघता सह्या केल्यात;
या आकड्यासाठी चष्मा पुसला.

मग शिडी लावून पाण्याच्या टाकीवर चढलो,
तळहात उंच धरला.
बराच वेळ काही नाही.
त्याचं काळीज की माझी नाडी, बोटांना कळेना.
खालून मिंगेल ओरडत होता, उडय ताका, उडय!
मी उडवलं नाही.
नुसता उभा राहिलो, दंड भरून आला,
आणि हातावरचं वजन
गेलं.
आधी खाली, थेट माणकुरादाच्या कलमापर्यंत.
सुगंधानं तोंडावर हात धरला.
मग वर,
काकोड्याच्या कौलांवरून
नदीकडे, बार्जी नसलेल्या नदीकडे.

बाहेर: पाच सत्तावन्न.
‘आत’चा रकाना मोकळा सोडला.
दुसरं पिल्लू दोन दिवसांनी गेलं असावं,
मी तेव्हा बँकेत होतो.

सुगंधा विचारते, पावसाआधी ड्रॉवर काढून ठेवायचा का?
नको.
थोरली दोघं अजून तिथंच झोपायला येतात,
काळोख पडता पडता, एकामागून एक,
भोकात सर्रकन.
ती वेळ मी रजिस्टरात घेत नाही.
पायरीवरचा दिवा मालवतो.
मोजलीस का? ती विचारते.
दोन, म्हणतो.