दुसरा रद्दा

पहिला केक कुकरातून काढला तेव्हा
मधोमध फुगलेला, टेकडीसारखा.
परभणीच्या सपाट रानात
एवढा उंचवटा मी पाहिला नव्हता.

शिट्टी काढलेली, रिंग काढलेली,
बुडाला मीठ, मिठावर स्टँड.
शबानाबाजीनं सहा दिवसांत, सहाशे रुपयांत
एवढं शिकवलं अन् वर म्हणाली,
बाकीचं हात शिकवतो, बेटा.

हात काय शिकवतो?
फेब्रुवारीतली क्रीम मे महिन्यात ओळख देत नाही.
चव्वेचाळीस डिग्रीत गुलाबाची तिसरी पाकळी काढेतो
पहिली ओघळून पाटावर.
भांडं शेजारच्या फ्रीजमध्ये, बीटर आमच्याकडं,
दोघांची गाठ पडली की लाईट गेली.
लाईट आली तेव्हा रागानं जास्तच फिरवलं
अन् क्रीम फाटली, रवाळ, कोंड्यासारखी.
दोन दिवस पोरांनी चपातीला लावून खाल्ली.

मुंजाजी कामावरून आले की
सिमेंटचे हात धुऊन उंबऱ्यात बसायचे, बघत.
बोलायचे नाहीत.
चौथ्या केकाला म्हणाले,
"ओळंब्यात न्हाई."
मी म्हणाले, ही काय भिंत आहे का?
"मंग काय हाय?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पिशवीतून निघालं:
जुन्या मोटारीचं बेअरिंग,
शहाबादी फरशीचा गोल कापलेला तुकडा
अन् लाईनदोरी, नवी, उकळून घेतलेली.
बेअरिंगवर फरशी बसली.
बोट लावलं की फिरायची, बोट काढलं तरी फिरायची.
दोरी केकाच्या कमरेला गुंडाळून
त्यांनी दोन्ही टोकं ओढली.
टेकडी वेगळी, खाली तीन थर.
टेकडी पोरांनी उभ्या उभ्या संपवली.

थरांवर साखरपाणी शिंपडायला लागले
तर हा माणूस एकदम खुलला:
"हे तर आमचंच की!
पाणी मारल्याबिगर कोणतं काम टिकतंय?"
पहिला हात पातळ, चुरा दाबून धरायला.
तो गारठला की दुसरा.
सुरी गरम पाण्यात बुडवायची,
एका दमात फिरवायची,
मध्ये थांबलं की सांधा दिसतो.
शबानाबाजीनंही हेच सांगितलं होतं,
फक्त तिनं सांधा म्हटलं नव्हतं.

वीस वर्षं लोकांच्या भिंतींना गिलावा करणारा
माझ्या अर्ध्या किलोपुढं
श्वास धरून बसलेला.
आमच्या मागच्या भिंतीच्या विटा
अजून उघड्याच आहेत. ते असो.

पहिली ऑर्डर गंगासागर बाईंची,
जिंतूर रोडच्या शाळेतून निवृत्त होणाऱ्या.
नाव लिहायला घेतलं.
अक्षर बरं आहे माझं, त्या गर्वात
पहिल्या गंलाच ऐसपैस जागा दिली
अन् 'गंगासाग' येईतो
केक संपला.
र खाली उतरवावा लागला, उभ्या बाजूवर.
तो एकटाच तिथं,
कडेवरून निसटू बघणाऱ्या पोरासारखा.

बाईंनी चष्मा वर सरकवला.
मी मान खाली घालून उभी.
"अडतीस वर्षं वह्यांत हेच तपासलं," त्या म्हणाल्या,
"समास सोडत नाही कोणी."
अन् हसता हसता सुरी उलटी धरली.

पहिला तुकडा त्यांनी मुंजाजींना दिला.
ते खाईनात.
खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले,
पिवळा थर, पांढरी रेघ, पिवळा, रेघ, पिवळा.
आयुष्यभर बांधलं,
पण बांधलेलं असं मधोमध कापून
कोणी दाखवलं नव्हतं त्यांना.
शिपाई, हेडमास्तर, सगळे थांबलेले.

"दुसरा रद्दा," ते म्हणाले,
"सुतभर तिरपा हाय."

मग खाल्ला.
कागदी बशी पुढं करून
आणखी एक मागितला.