उधाणाची रेघ

पौर्णिमेच्या उधाणाला समुद्रानं
ओरोवायती नदी उलटी रेटली होती
फर्गसच्या कुरणात, गुडघाभर.
पाणी ओसरलं त्याला आज बारा दिवस.

राहेरा चिखलात ओणवी.
दोन्ही हातांनी गवत विंचरतेय
पोरीच्या केसांत लिखा शोधाव्यात तसं,
पार मुळापर्यंत.
"हं. ये इकडे."

खसखशीएवढी अंडी.
काचेसारखी, आणि प्रत्येकात
दोन काळे ठिपके
वर बघणारे.

इनांगा. बोटभर मासा, अंगावर खवलंही नाही.
उधाणाच्या शेवटच्या हातभर पाण्यातून
गवतात शिरतो, अंडी सोडतो,
आणि पाणी जातं. मासाही.
मग दव आहे, सावली आहे,
पुढचं उधाण येईल असा
कुणी न दिलेला शब्द आहे.

फर्गस अडुसष्ट वर्षांचा.
दर सप्टेंबरला फळीवर जाळं लावून बसतो,
समुद्रातून परतणारी यांचीच पोरं
कोंबडीच्या अंड्यात फेटतो,
लोण्यात परततो, डोळ्यांसकट खातो.
जन्मतात कुठे, हे त्यानं
कधी विचारलं नव्हतं.
मागे त्याच्या गाई, एकशेचाळीस,
भर मार्चमध्ये त्याच रेघेवर चरत.

तो काही बोलला नाही.
फक्त एक पाय उचललेला होता
तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.
बराच वेळ तसाच उभा,
बगळ्यासारखा, गमबूट घातलेल्या.
राहेरा हसली नाही. तिनं हात दिला.

कुंपण अकरा पावलं मागे गेलं.
(गाई तरी तारेतून माना घालतातच.
त्यांना कोण सांगणार.)

अमावस्येच्या रात्री पाणी आलं.
कुणी बघायला गेलं नव्हतं.
गवत हललं असेल,
ठिपके सुटले असतील, हजारो,
आणि ओहोटीबरोबर खाऱ्यात.

राहेरानं एक गोष्ट मात्र त्याला
मुद्दाम उशिरा सांगितली:
हे मासे आपली नदी ओळखत नाहीत.
सहा महिने समुद्रात काढून
जिथे गोडं पाणी ओठाला लागेल
तिथे वळतात. तुझ्या गवतातले
तुझ्याकडे येतीलच असं नाही.

फर्गसनं विचार केला.
"मग माझ्या जाळ्यात येतात ते कुणाचे?"

ती वहीत आकडे लिहीत होती.
तिनं वर पाहिलं नाही.
त्यानं खिळ्यांचा डबा उचलला
आणि जिथे वासराएवढी फट राहिली होती
तिकडे चालू लागला,
खाली बघत.